कुत्र्याला घेऊन कोकणच्या पुळणीवर दोन दिवस: आधी पंचांग बघा

आमची कुत्री सुकट. गटाराच्या कडेला सापडली तेव्हा मूठभर होती, सुक्या जवळ्यासारखी, म्हणून हे नाव पडलं. आता अठरा किलोची झाली तरी नाव तेच. तिला घेऊन मी आणि माझी मैत्रीण पहिल्यांदा दापोलीच्या किनाऱ्यावर चालायला गेलो तेव्हा सगळं बघून घेतलं होतं: दोघींच्या रजा, राहायची सोय, गाडीच्या चाकांतली हवा. बघितली नव्हती ती फक्त तिथी, आणि निघाली अष्टमी. सकाळी सहाला पाणी सुरूच्या बुंध्यांपाशी, चालायला जागाच नाही. ओहोटी लागून पुळण, म्हणजे किनाऱ्यावरची वाळू, मोकळी होईतो अकरा वाजले. ओली वाळू गाठायला मधे कोरड्या वाळूचा रुंद पट्टा, तव्यासारखा तापलेला. फेब्रुवारी संपत आला होता. आमच्या पायांत बूट, त्यामुळे आम्हाला काही कळलं नाही. सुकट आधी एक पाय उचलायला लागली, मग दुसरा, मग मटकन बसली. संध्याकाळी बघतो तर मागच्या पायाच्या गादीचं साल निघालेलं. रविवार पडवीत गेला.

त्यानंतर बऱ्याच फेऱ्या झाल्या. पहिल्यांदाच निघणाऱ्यांना उपयोगी पडेल ते क्रमाने लिहिते. उदाहरण म्हणून अंजर्ले–हर्णै–मुरूड–कर्दे हा दापोली तालुक्यातला पट्टा घेतला आहे. तो मला ठाऊक आहे, आणि नवख्यांना झेपणाराही आहे. मुरूड म्हणजे महर्षी कर्व्यांचं मुरूड. जंजिऱ्याचं मुरूड रायगड जिल्ह्यात. फोनवर नकाशा लावताना ही चूक हमखास होते.

१. शनिवार निवडा, पण तिथी बघून

महिन्यात चार शनिवार-रविवार येतात. त्यातले साधारण दोनच कुत्र्याला घेऊन पुळणीवर चालायच्या कामाचे. हिशोब जुना आहे, किनाऱ्यावरच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा: तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा. येईल ती भरती पूर्ण भरण्याची वेळ. द्वितीया असेल तर दोन त्रिक सहा, भागिले चार, म्हणजे दीड. दुपारी दीडला भरती, रात्रीही त्याच सुमाराला पुन्हा. दोन भरत्यांच्या मधे ओहोटी, म्हणजे भरतीच्या सहा-सव्वासहा तास अलीकडे-पलीकडे: सकाळी सव्वासातला आणि संध्याकाळी पावणेआठला. कृष्ण पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. चंद्र रोज उशिरा उगवतो तशी भरतीही रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्या सरकण्याचाच हा ठोकताळा आहे. गावागणिक अर्धा-एक तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघायच्या आठवड्यात फोनवर हर्णै किंवा रत्नागिरीचं भरतीचं वेळापत्रक एकदा ताडून घ्या.

यातून आपल्याला काय मिळतं? पौर्णिमा किंवा अमावास्येपासून तृतीयेपर्यंत ओहोटी सकाळी लवकर आणि संध्याकाळी उन्हं कलल्यावर येते. नेमकी तेव्हाच वाळू गार असते. शिवाय हे उधाणाचे दिवस, त्यामुळे पाणी ओहोटीला खूप आत जातं आणि चालायला रुंद, घट्ट, ओली पुळण मिळते. भर दुपारी पाणी वर असतं तेव्हा तुम्ही तसेही पडवीत आडवे झालेले असता. अष्टमीच्या आसपास सगळंच उलटं: सकाळ-संध्याकाळ भरती, ओहोटी ऐन बाराला. त्या आठवड्यात किल्ले बघा, आमरस असेल तर आमरस खा, पण कुत्र्याला चालवू नका.

उधाणाचा एक तोटाही आहे. भरती नेहमीपेक्षा वर चढते. मागे कडा आणि पुढे समुद्र अशा छोट्या पुळणींवर साडेनऊ-दहानंतर थांबू नका. परतायची वाट पाण्याखाली जाते, आणि कुत्र्याला घेऊन खडकांवरून उड्या मारत येणं हौसेचं काम नाही.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चमध्ये फक्त पहाटे. पावसाळ्यात नाही: समुद्र खवळलेला, रस्त्यावर शेवाळ, गवतात गोचीड आणि साचलेल्या पाण्यात लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचे जंतू.

२. कुत्रं जाण्याजोगं आहे का?

पग, बुलडॉग असली बसक्या नाकाची कुत्री कोकणातल्या दमट हवेत चालवायची नाहीत, विषय संपला. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापून धापून अंग गार करतं, आणि नाकच आखूड असेल तर ते जमत नाही. वर्षाच्या आतलं पिल्लू आणि सांधे दुखणारं म्हातारं कुत्रंही घरीच बरं. दाट केसांच्या हस्कीला घेऊन पुळणीवर सेल्फी काढणारी मंडळी मुरूडला दर शनिवारी दिसतात. त्यांना काय बोलायचं ते मी मनातच बोलते.

बाकीच्यांनी महिनाभर आधी सुरुवात करावी. रोजचा फेरा तीन किलोमीटरांचा असेल तर हळूहळू सात-आठवर आणा, आणि शक्यतो डांबरावर नको, टेकडीवरच्या मातीत. पायाच्या गाद्या चालूनच घट्ट होतात. सॅक पाठीला लावून चाला, म्हणजे तुमचंही कळेल आणि सॅकवाल्या माणसाच्या बाजूने चालायची कुत्र्यालाही सवय होईल. बोलावल्यावर येणं आणि 'सोड' म्हटल्यावर तोंडातलं सोडणं, ही दोन कामं पक्की झाल्याशिवाय निघू नका. दुसरं जास्त महत्त्वाचं. का ते पुढे येईल.

डॉक्टरांकडे पंधरा दिवस आधी जा. रेबीजची लस चालू वर्षाची हवी, लेप्टोचा समावेश असलेली एकत्रित लस हवी, जंताचं औषध आणि गोचिडीवरचा उपाय झालेला हवा. लसीच्या पुस्तिकेचा फोटो फोनमध्ये आणि मूळ पुस्तिका सॅकमध्ये.

३. दोघांत कामं वाटून घ्या

एकट्याने कुत्रं घेऊन जाता येतं, पण नवख्याने जाऊ नये. देवळात जायचं तर कुत्रं कोणी धरायचं? हॉटेलात हात धुवायला उठायचं तर? म्हणून मित्र किंवा मैत्रीण हवी, आणि ती कुत्र्याला ओळखणारी हवी. निघायच्या आधी दोन-चार वेळा तिच्याच हातात पट्टा देऊन फिरायला पाठवा.

आमची वाटणी ठरलेली आहे. पट्टा जिच्या हातात ती फक्त कुत्र्याकडे बघते. फोन नाही, फोटो नाही. दुसरी वीसेक पावलं पुढे चालते आणि वाट बघते: गावची कुत्री, गुरं, कोंबड्या, जाळी, फुटक्या बाटल्या. तासाने अदलाबदल. ऐकायला लष्करी वाटतं, पण भांडणं यानेच टळली. पहिल्या फेरीत 'मला वाटलं तू बघत्येस' हे वाक्य आम्ही इतक्या वेळा एकमेकींना ऐकवलं की परतीच्या वाटेवर माणगावपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही.

४. सॅकमध्ये काय

माणसाचं सामान तुम्हाला कळतंच. सात-आठ किलोंवर जाऊ देऊ नका, कारण वाळूत प्रत्येक किलो दीड किलोचा होतो.

कुत्र्याच्या सामानात पहिलं पाणी. साधारण दर किलो वजनामागे दिवसाला पन्नास-साठ मिली हा घरचा हिशोब. चालताना तो दुप्पट धरा. सुकटसाठी म्हणजे दिवसाला दोन लिटर, आणि हे तुमच्या पाण्याशिवाय. समुद्र समोर असला की कुत्रं खारं पाणी पितंच, आणि मग उलट्या, जुलाब. जास्त पोटात गेलं तर जिवावर बेततं. उपाय एकच: तहान लागायच्या आधी, दर पंधरा-वीस मिनिटांनी गोडं पाणी पुढे करायचं. घडी होणारी वाटी सॅकच्या बाहेर लटकवा. आत ठेवली की काढायचा कंटाळा येतो.

खाणं रोजचंच न्या, दोन दिवसांचं आणि वर एका वेळचं. नवं काही सुरू करायची ही जागा नव्हे. पट्टे दोन: एक रोजचा आखूड, एक आठ-दहा मीटरची लांब दोरी पाण्यात खेळायला. गळपट्ट्यापेक्षा छातीला बसणारा हार्नेस बरा, आणि त्यावर तुमचा फोन नंबर शिवलेला. जुनी चादर, जुना टॉवेल, शी उचलायच्या पिशव्या. औषधांत बेटाडीन, गॉज, चिकटपट्टी, टोकदार चिमटा आणि जुने पायमोजे. गादी कापली तर पट्टीवर मोजा चढवता येतो. माणसांच्या गोळ्या कुत्र्याला देऊ नका. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन या घरोघरच्या गोळ्या कुत्र्याला विषासारख्या आहेत. लागतील ती औषधं त्याच्या डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे लिहून आणा.

कुत्र्याच्या पाठीला पिशवी लावायची फॅशन आली आहे. थंड प्रदेशात ठीक. आपल्या किनाऱ्यावर ती पाठ तापवते. मी लावत नाही.

५. जायचं कसं

स्वतःची गाडी सगळ्यात सोपी. पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगाव आणि पुढे मंडणगडवरून. घाटात कुत्रं ओकतं, म्हणून निघायच्या तीन-चार तास आधी खायला देणं बंद. श्रीवर्धन-हरिहरेश्वर बाजूने येणार असाल तर बागमांडल्याहून वेश्वीला गाडीसकट फेरीबोट मिळते, बाणकोटची खाडी ओलांडते आणि मोठा वळसा वाचतो. इंजिनाच्या धडधडीने कुत्रं बिथरतं, तेव्हा एकीने त्याच्याजवळ बसा. चहाला थांबलात तरी बंद गाडीत कुत्रं ठेवू नका, काच चार बोटं उघडी असली तरी नाही.

रेल्वेने यायचं तर दापोलीला जवळचं स्टेशन खेड. पण रेल्वेचा नियम असा आहे की कुत्रं सोबत घ्यायला फर्स्ट क्लासचा कूपे किंवा केबिन अख्खा तुमच्या नावे हवा. एसी टू टियर, थ्री टियर, स्लीपरमध्ये चालत नाही. नाहीतर ते गार्डच्या डब्यातल्या पेटीत जातं. अंधार, आवाज, अनोळखी वास. पहिल्याच सहलीला हे कशाला?

गाडी अंजर्ल्यात ठेवायची आणि चालत मुरूडला जायचं. रविवारी मुरूडहून रिक्षा ठरवून अंजर्ल्याला परत यायचं. रिक्षावाल्या दादांना फोनवरच कुत्रं आहे म्हणून सांगा आणि सीटवर स्वतःची चादर अंथरा. आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही.

६. राहायची सोय

तंबूचं आधी सांगते, कारण नवख्यांच्या डोळ्यांसमोर तंबूच असतो. पहिल्या खेपेला नको. कोकणात बिबट्या वाड्यांपर्यंत येतो आणि कुत्रं हे त्याचं सोपं भक्ष्य. तरी लावायचाच असेल तर जागेच्या मालकाला किंवा ग्रामपंचायतीला विचारून, भरतीच्या रेषेच्या बराच वर, आणि माडाखाली कधीच नाही. नारळ पडताना सांगून पडत नाही. वाळूत खुंटी धरत नाही, पिशवीत वाळू भरून ती आडवी पुरायची आणि दोर तिला बांधायचा. कुत्रं रात्री तंबूच्या आत, बाहेर बांधून नाही.

घरगुती सोय उत्तम. फोनवर 'पेट अलाउड आहे का' असं विचारलंत की 'हो' म्हणतात, आणि दारात अठरा किलोचं धूड बघून चेहरा उतरतो. सगळं उलगडून सांगा: "काकू, आमच्याबरोबर कुत्री आहे, मोठी आहे, लस दिलेली आहे. पडवीत आमच्याजवळ झोपेल, घरात येणार नाही. तुमच्याकडे कोंबड्या-मांजरं आहेत का?" या शेवटच्या प्रश्नाने काकू विरघळतात. आमच्या काकूंनी तर उलट आपल्या मांजरीचीच तक्रार केली: "आमचीच चावरी आहे हो, तुमचीला सांभाळा."

पोचल्यावर कुत्र्याचे पाय परसदारी धुवायचे, मग पडवीत. स्वयंपाकघर आणि देवघर यांच्याकडे फिरकू द्यायचं नाही. खळ्यात आमसुलं, कुळीथ, सुपारी, काय काय वाळत असतं. पट्टा सुटला की तुमची अब्रू जाते. आणि काजूचा हंगाम असेल तर ओल्या काजूबिया तोंडात जाऊ देऊ नका. टरफलातल्या चिकाने माणसाचे हात सोलवटतात, मग कुत्र्याच्या जिभेचं काय होईल. आंब्याची कोयही तशीच: गिळली तर आतड्यात अडकते.

३ जून २०२०च्या निसर्ग वादळात या पट्ट्यातल्या माड-पोफळींच्या वाड्या आणि सुरूची झाडं मोठ्या संख्येने आडवी झाली. जुन्या फोटोंमधली सावली गृहीत धरून दुपारचा बेत आखू नका.

७. शनिवार: अंजर्ले ते मुरूड

आदल्या रात्रीच अंजर्ल्यात मुक्कामाला पोचा. पहाटे उजाडता उजाडता पुळणीवर. सुरुवातीला आखूड पट्टा, कुत्र्याला शी-शू करू द्या, पिशवीत उचला. वाळू उकरून पुरणं म्हणजे उचलणं नव्हे. जंतांच्या अळ्या ओल्या वाळूत टिकतात आणि अनवाणी पोरांच्या तळपायातून शिरतात.

कड्यावरच्या गणपतीला जायचं तर सकाळीच, आळीपाळीने. एकीने वर आवाराबाहेर सावलीत कुत्री धरायची, दुसरीने दर्शन घ्यायचं. वरून खाडीचं मुख, पलीकडे हर्णै आणि समुद्रातला सुवर्णदुर्ग दिसतो. आंग्र्यांचा हा किल्ला १७५५ साली इंग्रजांच्या कमोडोर जेम्सच्या आरमाराने घेतला. बोटीने किल्ल्यात जायचा मोह कुत्र्यासह आवरा. चढ-उतार लाटांत असतो.

पूर्वी अंजर्ल्याची खाडी तरीने ओलांडायची, आता पूल आहे. पुलावर कठड्याच्या बाजूला कुत्रं, गाड्यांच्या बाजूला तुम्ही. पुढे पाजपंढरी, कोळ्यांची दाट वस्ती. इथे काठ्यांवर बोंबील आणि जमिनीवर जवळा वाळत असतो. तो जवळा म्हणजे कोणाचं तरी वर्षाचं मीठमिरचीचं गणित. पट्टा हाताला दोन वेढे देऊन, चाली चालीने पुढे सरकायचं. पहिल्या वेळी सुकट वाळवणाकडे ओढायला लागली आणि मी घाबरून "सुकट! सुकट!" म्हणून ओरडले. वाळवणाशी बसलेल्या मावशींनी मान वर केली. "काय गो, किती किलो?" मी कुत्रीकडे बोट दाखवलं. त्यानंतर दहा मिनिटं त्या आळीत दुसरा विषय नव्हता. निघताना अर्धा किलो घेतलंच.

वस्तीतून जाताना देऊळ असो वा मशीद, आवारापासून लांबून जा. नमाजाला निघालेल्या माणसाला कुत्र्याचा ओला स्पर्श चालत नाही, आणि सोवळ्यातल्या आजींनाही नाही. पट्टा आखूड ठेवला की दोन्ही प्रश्न मिटतात.

साडेनऊ-दहाला थांबा, कुठेही असलात तरी. तळहाताची मागची बाजू वाळूवर किंवा डांबरावर सात सेकंद टेकवून बघा. टेकवत नसेल तर कुत्र्याचाही पाय टेकवत नाही. सावली, पाणी, झोप. हर्णैहून मुरूड पाचेक किलोमीटर, ते चार-साडेचारनंतर. हर्णै बंदरातला संध्याकाळचा मासळीचा लिलाव बघण्यासारखा असतो, पण कुत्र्याला घेऊन त्या गर्दीत शिरू नका. आळीपाळीने जा. पायाखाली बर्फ, पाणी, माशांची आतडी, आणि बंदरातली कुत्री आपलं राज्य सोडत नाहीत.

८. पुळणीवर पडलेलं काही तोंडात जाऊ देऊ नका

'सोड' का शिकवायचं ते इथे. जाळ्यात आलेला आणि कोणाला नको असलेला माल कोळी काठावर टाकून देतात. त्यात केंड असतो, फुगणारा, टम्म पोटाचा मासा. त्याच्या अंगात जे विष असतं त्यावर उतारा नाही. वाळलेला केंड चघळणंही कुत्र्याला पुरेसं. पाकट या चपट्या माशाच्या शेपटीला काटा असतो. भरतीने आलेला समुद्री साप मेलेला वाटला तरी विषारीच समजायचा. जेलीफिश किनाऱ्यावर पडून कितीतरी वेळ चटके देऊ शकते. जाळ्याच्या तुकड्यांत गळ अडकलेले असतात. खडकांवर कालवं, म्हणजे चिकटलेले शिंपले असतात, त्यांच्या कडा पात्यासारख्या. खडक दिसला की वळसा घाला.

चेंडू फेकायचा खेळ वाळूत नको. ओल्या चेंडूबरोबर कुत्रं वाळू गिळत जातं आणि ती आतड्यात साचते. पाण्यात लांब दोरीवर, गुडघाभर, तेही आधी तुम्ही उतरून ओढ बघितल्यावर. नंतर गोड्या पाण्याने अंग धुवा, कान कोरडे करा, बोटांच्या बेचक्या पुसा.

गावची कुत्री पाच-सहा एकदम येतात. धावू नका, आपलं कुत्रं उचलू नका, ओरडू नका. पट्टा आखूड, कुत्रं आपल्या मागे, आणि पुढच्याने वाकून दगड उचलल्याचं नाटक करायचं. दगड हातात नसला तरी चालतो. नव्वद टक्के वेळा ती थबकतात. तेवढ्यात बाजूने सटका. तुम्हाला दात लागलाच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. 'कुत्रं ओळखीचं होतं' ही सबब नाही. आपल्या कुत्र्याला चावा बसला तर लस झालेली असूनही डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा.

सड्यावरून, म्हणजे जांभ्याच्या कातळावरून जायची वेळ आली तर गवतात नाक खुपसू देऊ नका. फुरसं (विषारी साप) लहान असतं, वाळल्या पानांच्या रंगाचं, आणि दिसत नाही. दगडांखाली तांबडा विंचू. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून ज्याच्या दंशावर उपचार बसवले तोच हा. सकाळी बूट झटकून घालायचे ते त्याच्यासाठी. माणसाला दंश झाला तर १०८ला फोन करा.

कुत्रं लडखडायला लागलं, जीभ गडद लाल, लाळ घट्ट, धाप थांबत नाही, तर तो उष्माघात. लगेच सावली. पोट, जांघा, पंजे यांवर साधं पाणी ओतत राहा, वारा घाला, थोडं थोडं पाजा. बर्फाचं पाणी नको. मग दापोलीला डॉक्टरांकडे. शुद्धीवर आलं म्हणून सहल पुढे चालू ठेवायची नाही.

९. कासवांची पुळण

नोव्हेंबर ते मार्च हे आपल्या चालण्याचे महिने, आणि ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांच्या अंडी घालण्याचेही तेच. वेळास, केळशी, अंजर्ले, कोळथरे, सगळीकडे माद्या रात्री वर येतात, खड्डा करून शंभरेक अंडी घालतात आणि जातात. पिल्लं दीड-दोन महिन्यांनी. वेळासला २००० नंतरच्या वर्षांत चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांसह संवर्धन उभं केलं, तेव्हापासून गावागावांतले कासवमित्र पहाटे फेरी मारून घरटी शोधतात आणि कुंपणात सुरक्षित ठेवतात. त्यांच्या नजरेतून सुटलेलं घरटं कोल्हं नाहीतर कुत्रं उकरतं. कुत्रं म्हणजे गावचं भटकंच असं नाही.

म्हणून या पट्ट्यात, कुत्रं कितीही शहाणं असलं, पट्टा सुटायचा नाही. भरतीरेषेच्या वरच्या मऊ वाळूत त्याला उकरू द्यायचं नाही, तिथेच घरटी असतात. अंधारात पुळणीवर जायचं नाही. वाळूत रणगाड्याच्या चाकासारखा माग दिसला तर त्यावर पाय न देता गावात सांगा. १९७२च्या वन्यजीव कायद्यात हे कासव पहिल्या अनुसूचीत आहे. तुमच्या कुत्र्याने घरटं फोडलं तर ते 'खेळता खेळता' म्हणून भागणार नाही. पिल्लं सोडतात तो कार्यक्रम बघायचा असेल तर एकीने जावं, एकीने कुत्र्यासह घरी थांबावं. मी आजवर दोनदा थांबले आहे. पुढच्या खेपेला तिची पाळी.

१०. रात्र आणि रविवार

रात्री कुत्र्याला आधी खायला, मग तुम्ही. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, सोलकढी, हे सगळं तुमच्यासाठी. कांदा-लसूण आणि माशाचे काटे असलेलं उष्टं त्याला नको. काकू प्रेमाने पुढे करतात. "डॉक्टरांनी मनाई केल्ये हो" म्हणा, म्हणजे कोणाचं मन मोडत नाही. अनोळखी जागी कुत्रं रात्री दोनदा तरी भुंकतं. चादर घरची असेल तर कमी.

रविवारी पहाटे मुरूडहून कर्द्यापर्यंत पुळणीनेच जाऊन परत या. वाट सपाट आहे, आणि मुळात सहल या पट्ट्यासाठीच केलेली आहे. आठच्या आत परत फिरा. त्यानंतर घोडागाडी, चारचाकी स्कूटर, पाण्यावरच्या बोटी आणि वाळूत गाडी रुतवून इतरांना ढकलायला लावणारे, सगळे एकदम हजर होतात. नाश्त्याला घावन, मग दुर्गादेवीचं देऊळ (लाकडावरचं कोरीव काम बघायचं, अर्थात आळीपाळीने), आणि दहाला रिक्षा.

११. घरी आल्यावर

त्याच रात्री कुत्र्याच्या कानांमागे, काखांत, बोटांच्या बेचक्यांत हात फिरवून गोचीड शोधा. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, चिरडू नका. पुढचे दोन-तीन दिवस शी बघा. थोडी वाळू निघते, ते चालतं. खाणं सोडलं, ताप वाटला, लंगडलं तर डॉक्टरांकडे जा आणि किनाऱ्यावर गेलो होतो हे आपणहून सांगा.

पट्ट्याचा हुक गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, त्यात खोबरेलाचा थेंब सोडा. खाऱ्या हवेने आतली स्प्रिंग गंजते आणि बाहेरून कळत नाही. माझा पहिला हुक तीन आठवड्यांनी टेकडीवर तुटला, मोर समोर असताना.